लाभ, दोन, तीन

पहिलीत एकच पोरगी, आणि तिलाही मोजता येईना. आता बोला!

म्हणजे म्हणता यायचं. एक ते शंभर अशी घडाघडा म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हिला शिकवायचं काय राहिलंय? पण म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. आरती तोंडपाठ असणाऱ्याला तिचा अर्थ विचारून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. सात हा नुसता आवाज नाही. सात म्हणजे मुठीत धरलेले सात चिंचोके. ते फरशीवर पसरा, सातच. ढीग करा, सातच. दोन एका हातात आणि पाच दुसऱ्या हातात घ्या, तरी सातच. एवढं लेकराला आतून कळलं की पुढचं गणित आपल्या पायांनी चालत येतं. नाही कळलं तर ते लेकरू दहावीपर्यंत बाकाखाली बोटं लपवून मोजत राहतं. नोकरीभर मी हेच शिकवत आले, आणि त्या वर्षी एका पोरीपुढे हात टेकले.

आमची शाळा गावाच्या टोकाला, हळदीच्या रानाला लागून. दोन खोल्या, पुढे ओटा, एक हापसा आणि एक कडुनिंब. पूर्वी आम्ही दोघं शिक्षक होतो. मग दुसऱ्या सरांना वरून आदेश आला आणि ते भलत्याच गावच्या शाळेवर गेले, 'तात्पुरते'. सरकारी तात्पुरतं किती लांबतं हे नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. तेव्हापासून पहिली ते चौथीची अकरा लेकरं आणि मी. दुपारी खिचडी शिजवून ताई निघून गेल्या की शाळेत मोठं माणूस म्हणून मी एकटीच.

राहायला शिरड शहापूरला भाड्याची एक खोली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्यात कंपनीत आहे. रविवारी त्याचा फोन येतो. "जेवलीस का?" "जेवले." "तब्येत?" "बरी." "बरं मग, ठेवतो." झालं! वाईट नाही हो तो, पण त्याला काय बोलावं सुचत नाही, आणि मला सुचतं ते त्याला ऐकायला वेळ नसतो. सरळ सांगते, मला बोलायला माणूस नव्हतं. माझं तोंड चालायचं ते दहा ते पाच, लेकरांशी. पाचनंतर कुलूप लावलं की दुसऱ्या दिवशी कुलूप काढेपर्यंत मी फारतर दूधवाल्याशी बोलायची. सुट्टी आली की घसा धरल्यासारखा व्हायचा.

तर ही पोरगी. तेलानं चोपडलेल्या दोन वेण्या, त्यातल्या एका वेणीचं टोक कायम तोंडात. जूनमध्ये तिचा बाप तिला मोटारसायकलवर पुढं बसवून घेऊन आला. तीस-बत्तिशीचा माणूस, हळदीचं थोडं रान, बोलायला तिखट. नाव घालायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं, "मॅडम, राग नका येऊ देऊ. दिवाळीपर्यंत बघतो. जमलं तर बरं, न्हाई तर इंग्लिशला टाकतो. फाट्यावर गाडी येतेच."

"तिला भाजी समजलात का, आवडली नाही की परत करायला?" मी म्हटलं.

तो हसला. पण शब्द काही मागे घेतला नाही. ती गेली असती तर पहिलीचा वर्ग रिकामा, आणि पट इतका खाली की शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिसळून टाकायला वरच्यांना निमित्तच. ते तर होतंच. पण दोन महिन्यांत मला त्याहून वेगळीच धास्ती बसली. ही पोरगी गेली तर मी काय करू?

कारण ती बोलायची. बापरे, काय बोलायची! बाकीची लेकरं विचारलं तेवढं सांगायची. ही मी कुलूप काढायच्या आधी ओट्यावर हजर. त्यांच्या म्हशीनं काय केलं, आईनं काल काहून भाजी खारट केली, ती अमक्याशी का बोलत नाही. सगळी बातमी! "मॅडम, तुमच्या घरी कोण हाय?" एक दिवस विचारलंच.

"मीच आहे."

"मंग भांडता कुणाशी?"

मला हसू आवरेना. आणि घरी जाऊन भाकरी थापताना तेच आठवून डोळ्यांत पाणी आलं. खरंच की, भांडायलाही कुणी नव्हतं.

मोजायला आम्ही चिंचोके वापरायचो. चिंचोका हातात बरा बसतो, गडगडत नाही, आणि फुकट. तिनंच घरून डबाभर आणले होते. पहिल्यांदा मोजायला बसवली तर म्हणाली, "लाभ, दोन, तीन, चार..."

मी ओळखलं. आमच्याकडे खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन, तीन असं पुढे. माझं बालपण हट्टा गावाकडचं. आई दुसऱ्याच्या खळ्यावर कामाला जायची, मजुरी ज्वारीत मिळायची, आणि शेतमालक माप ओतताना "लाभ" म्हणायचा ते मी आईच्या पदराआडून ऐकलेलं. किती वर्षांनी तो शब्द कानावर पडला!

"अगं, शंभरापर्यंत म्हणताना तर एक म्हणतेस," मी म्हटलं.

"ते म्हणायचं असतंय तवा एक. मोजायचं असलं की लाभ." माझ्या अकलेची कीव आल्यासारखं तिनं बघितलं. "एक म्हणलं तर एकच ऱ्हातंय मॅडम."

म्हटलं, असू दे बाई. लाभ तर लाभ. त्यानं काही बिघडत नव्हतं, पुढे दोन बराबर यायचे.

बिघडत होतं ते शेवटाला. नऊ चिंचोके मांडले की ती आठ सांगायची. सहा मांडले की पाच. बारा मांडले की अकरा. दर वेळी एक कमी. आधी मला वाटलं, घाईत सुटत असेल. मग नीट बघितलं. एकेक उचलून डब्यात टाकायची, आकडा म्हणायची, सगळं अगदी नेटकं. आणि शेवटचा चिंचोका फरशीवर तसाच ठेवून हात झटकायची. झालं तिचं मोजून!

"अगं, हा राहिला की!"

"तो असू द्या."

"असू द्या काय? त्यालाही मोज."

"तो हाय की मॅडम तितं. असू द्या."

मला वाटलं, आळस. मग वाटलं, जिद्द. कधी वाटलं, डोळ्यांत काही दोष आहे. गावात आरोग्य केंद्राची मंडळी आली तेव्हा तिचे डोळेही तपासून घेतले. डोळे ठणठणीत! पिंपळाच्या शेंड्यावरचा पोपट दिसायचा तिला. मी रांगेत मांडून बघितले. बोट लावून मोजायला लावलं. कुठून तरी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे मिळवला, म्हटलं एकेका खळगीत एकेक टाक. ट्रेमध्ये आठ टाकले आणि नववा आपला फरशीवर. रागावले, गोंजारलं, शेंगदाण्याच्या लाडवाची लालूच दाखवली. लाडू खाल्ला. चिंचोका तिथंच.

माझा स्वभाव तसा तापट. घरी गेल्यावर भांडी जरा जास्तच जोरात आपटली जायची. अख्खी हयात ज्यात गेली ते एका सहा वर्षांच्या लेकराच्या गळी उतरवता येईना. कसली मी बाई!

दिवाळी झाली आणि साहेब तपासणीला आले. खुर्ची, पंखा, चहा, सगळं यथासांग झालं. मग त्यांनी पहिलीच्या पोरीला पुढं बोलावलं. बाटल्यांची दहा झाकणं टेबलावर ओतली. "मोज बेटा."

"लाभ, दोन, तीन..." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "...आठ, नऊ." एक झाकण टेबलावर ठेवून हिचे हात मागं.

"बरं, पाच झाकणं आहेत. पाचही मी घेतली. किती राहिली?"

"पाची घेत न्हाईत," ती म्हणाली. "चार घेतेत."

साहेब खो खो हसले. "मॅडम, काय शिकवताय तुम्ही?" आणि तेच फाट्यावरच्या हॉटेलात चहा पिताना त्यांनी चार लोकांत सांगितलं. गावात बातमी जायला वेळ लागतो होय? संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक, अमक्याच्या पोरीला दहा मोजता येत न्हाईत.

दुसऱ्या दिवशी बाप आला. मोटारसायकल बंदही केली नाही. "मॅडम, लोकं हसून राहिले मला."

"हसू द्या. हसणाऱ्यांचे दात दिसतात, तुमचं काय जातं?"

"तसं न्हाई. दिवाळी म्हणलो होतो मी."

मी आजवर कुणापुढे हात जोडलेले नाहीत. नवरा गेल्यावर दिरांपुढेही नाही. त्या दिवशी मात्र मी त्याला म्हटलं, "वर्ष पुरं करू द्या. परीक्षेपर्यंत. त्यात नाही जमलं तर मीच सांगेन, घेऊन जा." तो जरा नरमला. गाडी बंद केली. "ठीकाय. परीक्षेपर्यंत," म्हणाला.

लोकांना वाटलं, मॅडमला शाळेची काळजी. शाळेची होतीच. पण खरं सांगायचं तर मला ती सकाळी ओट्यावर बसलेली हवी होती.

संक्रांतीनंतर ती शाळेत आली नाही. एक दिवस, दोन दिवस. बाकीच्या लेकरांनी सांगितलं, ताप आलाय. शाळा तीच, लेकरं तीच, पण मला काही गोड लागेना. फळ्यावर लिहिता लिहिता मी दोनदा ओट्याकडे बघून आले. तिसऱ्या दिवशी शाळा सुटली तशी सरळ तिच्या घरी गेले.

पत्र्याचं घर, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. पोरगी बाजेवर पांघरूण घेऊन बसलेली, ताप उतरलेला. मला बघून ओरडलीच, "आई, मॅडम येऊन राहिल्या!" तिची आई दळणासाठी ज्वारी काढत होती. पत्र्याची कोठी तिरपी केलेली, हातात पितळी माप, पुढ्यात पोतं. मला बसायला पाट दिला, चहाचं विचारलं, आणि म्हणाली, "एवढं काढते अन् ठेवते चहा. मधात सोडू न्हाई."

"लाभ," तिनं माप ओतलं. "दोन. तीन." बाजेवरची पोरगीही ओठ हलवत होती. "चार. पाच." आणि तिथं थांबली. कोठी सरळ केली, झाकण लावलं. पोत्याचं तोंड बांधायला घेतलं.

मी वाकून बघितलं होतं. तळाला चांगली मापभर ज्वारी होती अजून. "आहे की हो आत," मी म्हटलं. "तेवढ्यासाठी परत कशाला काढाल? घ्या की."

मायलेकी दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी काहीतरी अभद्र बोलल्यासारख्या.

"ते मोजायचं न्हाई मॅडम," पोरगी म्हणाली. "ते ठेवायचंय."

आईला हसू आलं. "तुमाला म्हाईत न्हाई का? कोठीचा तळ दिसू द्यायचा न्हाई. माझ्या सासूनं घालून दिलेली रीत हाय. शेवटचं माप मोजायचं बी न्हाई, काढायचं बी न्हाई."

"का पण?"

उत्तर पोरीनंच दिलं, आणि असं दिलं की जणू ते सगळ्या जगाला माहीत आहे. "नवी ज्वारी आली की तिला सोबत नको का? कोठीत कुणीच न्हाई म्हणल्यावर ती येती का?"

हात्तिच्या! सहा महिने मी त्या पोरीच्या डोळ्यांत दोष शोधला, डोक्यात शोधला. आणि पोरगी आपली घरची रीत पाळत होती. तिला नऊ कळत होते. नवातला एक ठेवायचा असतो एवढंच तिला जास्तीचं कळत होतं.

आणि मला का ठाऊक नव्हतं? खळ्यावरचा 'लाभ' ठाऊक होता, मग हे का नाही? चहा पिताना ते लक्षात आलं. खळं उघड्यावर असतं, तिथं आम्ही उभे असायचो. कोठी घरात असते, आणि त्या घरांत आम्ही कधी गेलो नाही. आमच्या घरी कोठी नव्हतीच. एक डालड्याचा डबा होता. तो तळापर्यंत खरवडायचा, उलटा करून बुडावर थापट्या मारायच्या, कोपऱ्यात अडकलेलं पीठ बोटानं काढायचं. ठेवायची रीत असायला आधी ठेवण्याइतकं असावं लागतं. हे मी तिच्या आईला काही बोलले नाही. चहा चांगला झाला होता, तेवढं सांगितलं.

पोरगी शाळेत आली तेव्हा मी नऊ चिंचोके मांडले. म्हटलं, "तुला एक ठेवायचाय ना? ठेव. माझं काही म्हणणं नाही. पण किती काढले आणि किती ठेवला, दोन्ही सांग."

तिनं वेणी चघळली. "काढले आठ. ठेवला लाभ."

"मग दोन्ही मिळून होते किती?"

"मोजला तर काढल्यासारखं व्हतंय मॅडम."

"कोण म्हणतं? मी रोज तुमची हजेरी घेते, तुम्ही अकरा जण आहात म्हणून मोजते. मोजल्यावर कुणी वर्गातून निघून जातं का?"

तिनं वर्गाकडे बघितलं. खरंच सगळे होते. तिनं त्या शेवटच्या चिंचोक्याला हात न लावता नुसतं बोट दाखवलं, आणि अगदी हळू, चोरून म्हणावं तसं म्हणाली, "नऊ."

मला नाचावंसं वाटलं! या वयात शोभलं नसतं म्हणून बसले. बाकीच्या लेकरांना मात्र त्या दिवशी अर्धा तास आधी खेळायला सोडलं.

मग तर गाडी सुसाट सुटली. आठ आणि एक नऊ, हे तिला आता शिकवावं लागत नव्हतं, ते तिच्या घरचंच होतं. त्यावरून सात आणि दोन, सहा आणि तीन. दहाच्या काड्यांचे गठ्ठे बांधायला शिकली, तेवीस म्हणजे दोन गठ्ठे आणि तीन सुट्या हे एका दुपारी कळलं. अडली ती एकाच ठिकाणी. पाचातून पाच. तिथं यायचं नावच घेईना. डबा रिकामा करायचा म्हटलं की तिचा चेहराच उतरायचा.

एका दुपारी बाकीची लेकरं कडुनिंबाखाली होती. मी तिला माझ्या आईच्या डब्याची गोष्ट सांगितली. तसं मी कुणाला सांगत नाही. मुलालाही कधी सांगितलेली नाही. "आमच्या घरी डबा पुरा रिकामा व्हायचा. एक दाणा नाही राहायचा. त्याला शून्य म्हणतात."

तिचे डोळे एवढे मोठे झाले. "मंग तुमाला भूक लागायची?"

"लागायची की."

"मंग वो?"

"मग काय! आई दुसऱ्या दिवशी कामाला जायची. संध्याकाळी ज्वारी घेऊन यायची. डबा परत भरायचा."

"रिकाम्यात बी येती ज्वारी?"

"येते. उशीर लागतो, पण येते."

मग तिनं डब्यातले पाचही चिंचोके माझ्या ओंजळीत ओतले, डबा उलटा करून त्याच्या बुडावर थापटी मारली, आत बघितलं आणि म्हणाली, "शून्य." लगेच माझ्या हातातून एक उचलून परत डब्यात टाकला. "आता न्हाई," म्हणाली.

मार्चअखेरीस त्यांची हळद निघाली. शिजवून, वाळवून, पोती भरून बाप हिंगोलीच्या बाजारात, मोंढ्याला निघाला तर ही हट्टानं टेम्पोत बसली. तिथं हमालांनी पोती उतरवली, मोजली, एकतीस. बापानं भरताना मोजलीच नव्हती, तो म्हणाला बराबर आहे. ही म्हणाली, "बत्तीस." हमाल हसले. बाप दटावायला लागला. "गाडीत एक ठेवलेलं हाय," ही म्हणाली, "ते कुणी मोजलंच न्हाई." बघतात तर ताडपत्रीखाली, कोपऱ्यात, एक पोतं. दुसरं कुणीही उतरवलेलं मोजलं असतं. राहिलेल्याकडे बघायची सवय एकट्या तिलाच होती.

हे मला तिच्या बापानंच सांगितलं. परीक्षा संपल्यावर पेढे घेऊन आला. मोटारसायकल बंद करून, चप्पल बाहेर काढून वर्गात आला. "मॅडम, मानलं तुमाला. आमच्या सात पिढ्यांत असं डोकं न्हाई. अख्ख्या मोंढ्यात बोलून राहिले लोकं." पोरगी त्याच्या मागं उभी, नवा फ्रॉक, वेणी तोंडात.

मी फुशारले. कोण नाही फुशारणार? "मी म्हटलं होतं ना तुम्हाला," मी म्हटलं.

"व्हय. म्हणून तर." त्यानं पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवला. "एवढं डोकं असलेली पोरगी हितं ठेवून काय करू? एकटीच बसती पहिलीत. इंग्लिशला नाव घातलं कालच. जूनपासून गाडी येती फाट्यावर."

माझ्या तोंडात पेढा होता. तो ना गिळता येईना, ना थुंकता येईना.

"अहो, न जमलं तर नेणार होतात ना?" मी म्हटलं.

"न्हाई जमलं तर न्यायचीच होती. जमलं, तर मंग न्यायलाच पाहिजे की." आणि खरं सांगू? त्याचं काही चुकत नव्हतं. कुठल्याही बापानं तेच केलं असतं. माझा मुलगा हुशार निघाला तेव्हा मीही त्याला इथं कुठं ठेवला? पुण्याला पाठवला, मी आपल्या हातांनी बॅग भरून. पण त्या क्षणी मला त्या माणसाचा असा संताप आला! आणि स्वतःचा त्याहून जास्त. म्हटलं, बाई गं, तुला कुणी सांगितलं होतं नऊला नऊ करायला? आठ म्हणत होती तर म्हणू द्यायचं होतंस. परीक्षेनंतरही हात जोडले असतेस आणि अजून एक वर्ष मागून घेतलं असतंस. मनात आलं ते सांगते, लपवत नाही. शिक्षकानं असा विचार करू नये हे मलाही कळतं.

बाप बाहेर मोटारसायकलपाशी जाऊन उभा राहिला. पोरगी तिचा चिंचोक्यांचा डबा घ्यायला कोपऱ्यात गेली. मी म्हटलं, "ने तुझे, घरी खेळायला होतील." तिनं सगळे फरशीवर ओतले आणि मोजून डब्यात भरायला बसली. "लाभ, दोन, तीन..." मी खुर्चीवर बसून ऐकत होते. ते संपू नयेत असं वाटत होतं. बापानं बाहेरून दोनदा हॉर्न वाजवला, तरी तिची लय मोडली नाही.

शेवटी फरशीवर एक राहिला. तिनं झाकण लावलं.

"हा?" मी विचारलं.

"हा हितंच. नवीन पोरं येतील ना मॅडम, त्यायला सोबत." आणि मग, आपण शिकलेलं विसरलो नाही हे दाखवायला, "त्याला धरून बराबर साठ हायत."

गेली. मोटारसायकलचा आवाज फाट्यापर्यंत ऐकू येत होता.

जूनमध्ये शाळा उघडली. मी घरोघर फिरले. गावात पहिलीच्या वयाची तीन लेकरं होती, तिन्हींची नावं गाडीवाल्या शाळेत. एका आईनं तर मला तोंडावर सांगितलं, "मॅडम, तुमी शिकवता चांगलं, पण तितं सोबत हाय लेकरांना." चौथीची लेकरं पुढच्या शाळेत गेली. पट सहावर आला. पहिलीच्या रकान्यात शून्य लिहायचं होतं. ज्या हातानं तिला शून्य शिकवलं त्याच हातानं लिहिलं. तिला सांगितलं होतं, रिकाम्यातही येतं, उशीर लागतो. आई कामाला जायची म्हणून यायचं, एवढं मात्र त्या दिवशी मी तिला नीट समजावलं नव्हतं. मी कुठं जाऊ कामाला? मी तर रोज येतेच.

सकाळी फाट्यावर ती पिवळी गाडी थांबते तेव्हा मी एसटीतून उतरत असते. ती खिडकीतून ओरडते, "मॅडम, जेवलात का?" सकाळी साडेनऊला! मी म्हणते, जेवले. गाडी निघून जाते.

चिंचोका अजून पहिलीच्या खोलीत आहे, होता तिथंच, भिंतीच्या कडेला. झाडताना मी त्याच्या भोवतीनं झाडते. काल पाच वाजता सहाही लेकरं गेल्यावर कुलूप घेऊन मी त्या खोलीत गेले, आणि का कोण जाणे, त्याच्यासमोर फरशीवर बसले. त्याच्यावर बोट ठेवलं. "लाभ," मी मोठ्यानं म्हटलं. दोन म्हणायला कुणी नव्हतं.